पॅडमागची ती पत्री फेकू देऊ नका

प्रश्न : सर, कारचे पुढचे ब्रेक पॅड नवे टाकले आणि तेव्हापासून हळू ब्रेक दाबला की चीं-चीं आवाज येतो, राजवाड्याच्या गर्दीत तर लोक वळून बघतात. जुन्या पॅडमागे काळी पातळ पत्री होती, ती मेकॅनिकनं "भिया, इसकी जरूरत नहीं" म्हणून लावलीच नाही. त्यामुळे आवाज येतोय का? ब्रेक फेल तर नाही ना होणार?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : बहुतेक त्यामुळेच. तिला शिम म्हणतात, आणि ती अशी काढून टाकतात ना, मला खरंच राग येतो. होतं काय, पॅड चाकासोबत फिरणाऱ्या लोखंडी डिस्कवर सलग घासत नाही, क्षणभर चिकटतो, सुटतो, परत चिकटतो, सेकंदाला हजारो वेळा, आणि हे कंपन डिस्क नि पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या कंपनाशी जुळलं की डिस्क थाळीसारखी वाजायला लागते. आवाज साधारण 1 ते 16 किलोहर्ट्झमधला, त्यात आपला कान 2 ते 5 ला सगळ्यात तिखट, म्हणून एवढासा आवाजही डोक्यात जातो.

शिममध्ये स्टीलच्या पत्र्यावर रबराचा नाहीतर चिकट पॉलिमरचा थर असतो. पॅड थरथरला की तो थर ताणला-दबला जातो आणि कंपनाची ताकद थोड्याशा उष्णतेत जिरून जाते. म्हणून साधा पत्रा कापून लावला तर काही उपयोग नाही, काम त्या थराचं आहे. आणि तो थर फार तापला की ढिला पडतो, तेव्हा चोरलकडे जाताना भेरूघाट खालच्या गिअरमध्येच उतरा, म्हणजे ब्रेक कमी तापतील.

तुमच्याच मॉडेलच्या शिम घ्या. सोबत ब्रेकचंच सिलिकॉन किंवा सिरॅमिक ग्रीस, तेही पातळ, पॅडच्या पाठीवर आणि दोन्ही टोकांना बाहेर आलेल्या कानांवर. साधं ग्रीस नको, त्यानं कॅलिपरची रबरं फुगतात. आणि डिस्कला लागणाऱ्या बाजूला थेंबसुद्धा नको, गाडी थांबणारच नाही!

नुसत्या चीं-चींनं ब्रेक फेल होत नाही. पावसात सकाळचा पहिला आवाज डिस्कवरच्या गंजाचा, तो जातो. पण खरखर आली किंवा ब्रेक दाबताना पेडल थरथरलं तर शिमवर भागवू नका, चाक उघडून पॅड किती उरलाय आणि डिस्कची जाडी सगळीकडे सारखी आहे का ते त्याच दिवशी मोजून घ्या.