रेपो म्हणजे कोठार का मोंढा, आणि 'अपडेट' नावाचा घोळ

लातूरकडच्या एका भावानं विचारलंय. कॉलेजातले दोन-तीन युनिक्स सर्व्हर तोच बघतो, हाताखाली नवी पोरं आलीयेत, त्यांच्यासाठी कामाची वही मराठीत लिहायला घेतली आणि पहिल्याच पानावर गाडी अडली. प्रश्न तीन आहेत: रेपॉजिटरीला (म्हणजे रेपोला, सर्व्हरवर टाकायचे प्रोग्रॅम जिथनं उतरवून घेतात त्या साठ्याला) काय लिहू, अपडेट आणि अपग्रेड मराठीत वेगळे कसे दाखवू, आणि व्हर्जनला सगळीकडं 'आवृत्ती' लिहिलं तर चालतंय का.

भाऊ, तुम्ही पहिल्या प्रश्नावर लई डोकं लावायलात आणि दुसऱ्यावर कमी, खरं तर उलटं पाहिजे. रेपोला रेपोच म्हणलं तरी कुणाचं काही बिघडत नाही. अपडेटनं बिघडतं, माझ्या डोळ्यादेखत बिघडलंय, ते पुढं सांगतो.

आधी रेपो. कोशात बघितलं तर भांडार, कोठार, संग्रह असं काय काय मिळतं. पण कोठार म्हणलं की डोळ्यापुढं माल भरून कुलूप लावलेली खोली येते, माल आपला, किल्लीपण आपल्याच कमरेला. रेपो तसा नसतो ना. तिथं दहा ठिकाणाहून माल येतो, कुणीतरी तो चाळतो, प्रतवारी लावतो, भावफलकासारखी यादी लावतो आणि गावोगावचे लोक येऊन घेऊन जातात, हा तर सरळ मोंढा झाला की! (पुण्या-मुंबईकडच्यांसाठी: आमच्याकडं धान्याच्या घाऊक बाजाराला मोंढा म्हणतात, नांदेड, परभणी, लातूर कुठंही उतरा आणि रिक्षावाल्याला 'मोंढा' म्हणा, बरोबर नेतो. तिकडं सिकंदराबादलाही मोंडा मार्केट आहेच.) डेबियन या लिनक्स सिस्टिममधी तर जवळपास प्रत्येक पॅकेजला (म्हणजे बांधून दिलेल्या प्रोग्रॅमला) सांभाळणारा कुणीतरी असतो, तो मूळ प्रोग्रॅम लिहिणाऱ्याकडनं माल घेतो, निवडतो, पोत्यात भरतो आणि पोत्यावर आपला नंबर घालतो, म्हणजे आडत्याच तो. आडत तेवढी कुणी देत नाही बिचाऱ्याला.

आता वहीत 'मोंढ्यातून पॅकेज उतरवा' असं लिहा म्हणत नाही मी, लोक हसतील. वहीत रेपोच लिहा, समजावताना मोंढा म्हणा. पण कोठार हा शब्द हातचा ठेवा, त्याची जागा दुसरी आहे. मोंढ्यातून 'एपीटी-गेट'नं (एपीटी हे डेबियनमधलं पॅकेजं आणायचं साधन, त्याची ही जुनी कमांड) आणलेली पॅकेजं आपल्याच मशीनवर व्हार-कॅशे-एपीटी-आर्काइव्हज या फोल्डरात पडून राहतात, ते खरं कोठार. आमच्या आजीच्या वाड्यात त्याला बळद म्हणायचे, भिंतीला लागून बांधलेली बंद जागा, वरून धान्य ओतायचं आणि खालच्या भोकातून काढायचं. 'एपीटी क्लीन' म्हणजे बळद झाडून काढणं, डिस्क भरली की मी पहिलं तेच करतो. आणि जमिनीत खणायचे ते पेव आता कुठं दिसत नाही, पण बोलण्यात अजून फुटतंय, तिऱ्हाइतांच्या रेपोंचं पेव फुटलंय म्हणायला एकदम फिट्ट. कुणीतरी कुठंतरी वाचतो आणि सोर्सेस डॉट लिस्टमधी (रेपोंचे पत्ते लिहायच्या फायलीत) परक्या रेपोची एक ओळ घुसडून देतो, वर्षभरानं दोन मोंढ्यांचा माल एका पोत्यात मिसळलेला सापडतो, मग बसा निवडत.

हं, आता अपडेट.

एका ठिकाणी (नाव घेत नाही) सर्व्हरची वही होती, अशीच, मराठीत, आणि त्यात एक ओळ होती: 'दर सोमवारी सर्व्हर अपडेट करावा.' पोरगं प्रामाणिक होतं. दर सोमवारी सकाळी येऊन 'एपीटी अपडेट' चालवायचं, पडद्यावर ओळी सरसर पळायच्या, शेवटी सगळं ठीक म्हणून थांबायचं आणि हे रजिस्टरात 'अपडेट झाले' लिहून सही करायचं. सात महिने! सात महिन्यांत एकही पॅकेज बदललं नव्हतं. कारण एपीटीच्या भाषेत अपडेट म्हणजे फक्त यादी आणणं, मोंढ्यात आज काय माल आलाय आणि कोणत्या नंबरचा एवढं विचारून यायचं. माल आणायला 'एपीटी अपग्रेड' म्हणावं लागतं आणि ते वहीत कुठंच नव्हतं. लिहिणाऱ्याला वाटलं अपडेट शब्द सगळ्यांना माहीतच आहे, आणि होताच माहीत, मोबाईलमधला! मोबाईलवर अपडेट दाबलं की ॲप बदलतंच, पोराचं काय चुकलं सांगा.

गंमत पुढंच आहे. तेच पोरगं नंतर सेंटओएस या दुसऱ्या लिनक्सच्या मशीनवर बसलं. तिथं कमांड वेगळी, वाय-यू-एम, मराठीत लिहायला गेलं की 'यम' होतं आणि हात जरा थबकतोच. सोमवारी सवयीनं 'यम अपडेट' मारलं, त्यानं हो का नाही विचारलं, यानं हो म्हणलं, आणि भर अकरा वाजता, बाहेर लोकांची रांग लागलेली असताना, डेटाबेस सर्व्हर बदलून पुन्हा सुरू व्हायला लागला. कारण यमच्या घरी अपडेट म्हणजे सरळ माल उतरवणं! नुसती यादी बघायची तर तिथं 'चेक-अपडेट' आहे. यमनंतर आलेल्या डीएनएफमधी तर अपडेट हे अपग्रेडचंच दुसरं नाव करून टाकलंय. आणि फ्रीबीएसडी या युनिक्सवाल्यांची तऱ्हा अजून न्यारी, पॅकेजांपुरतं त्यांचं एपीटीसारखंच, पण मूळ सिस्टिमसाठी कमांडचं नावच 'फ्रीबीएसडी-अपडेट' आणि नव्या रिलीजवर जायचं तर तिलाच पुढं 'अपग्रेड' असा हुकूम द्यायचा. अपडेटला सांगायचं की बाबा अपग्रेड कर. बोला आता.

म्हणून मी म्हणतो की अपडेटला एक मराठी शब्द शोधूच नका. मूळ इंग्रजीतच तो एका अर्थाला बांधलेला नाही, तर तुम्ही कशाला बांधता? 'अद्ययावत' हा शब्द मला आवडतो, अद्य आणि यावत्, आजच्या दिवसापर्यंतचा, अर्थ चोख बसतो. पण 'सर्व्हर अद्ययावत करा' लिहिलं तरी तोच घोळ राहतो ना, यादी आजपर्यंतची करायची का माल? नाव नका बदलू, क्रियापद बदला. वहीत 'यादी ताजी करा' आणि 'पॅकेजं बदला' अशी दोन वाक्यं लिहा, आणि त्याखाली त्या-त्या मशीनची कमांड. पोराला इंग्रजी येवो न येवो, यादी ताजी केल्यानं दुकानात माल येत नाही हे त्याला आपोआप कळतं. मोंढ्यात भाव काय फुटला हे फोनवर विचारलं म्हणून घरी तूर येत नाही.

अपग्रेडला सरकारी मराठीत 'श्रेणीवर्धन' आहे, ग्रामीण रुग्णालयाचं उपजिल्हा रुग्णालय झालं की जीआरमधी तोच शब्द येतो. पॅकेजासाठी तो लई जड होतो. पण अख्खी सिस्टिम एका रिलीजवरून दुसऱ्यावर नेणं, त्याला काय म्हणायचं? इथं मला आपल्या शेतातला शब्द सुचतो, वाण.

बघा, डेबियन १२ बुकवर्म, १३ ट्रिक्सी, ही सिस्टिमची रिलीजं म्हणजे वाण आहेत. वाण कसा, विद्यापीठात दोन-चार वर्षं चाचणी होते, मग तो 'प्रसारित' होतो, नेमका हाच शब्द आहे कृषी खात्याचा, वाण प्रसारित झाला म्हणतात. रिलीजला याच्यापेक्षा चांगलं क्रियापद मला तरी सापडलं नाही, 'मुक्त केले', 'प्रकाशित केले' हे सगळं ओढूनताणून वाटतं. बुकवर्म १० जून २०२३ ला प्रसारित झाला, ट्रिक्सी ९ ऑगस्ट २०२५ ला. आणि वाणाच्या नावावरून नवा कोणता जुना कोणता हे कळत नाही, तेही तसंच, परभणीच्या विद्यापीठाचा सोयाबीनचा वाण एमएयूएस ७१ हा जेएस ३३५ च्या नंतरचा आहे हे आकडे बघून कोण सांगेल? तसंच बुलसाय (डेबियनचाच आणखी एक वाण) आधी का बुकवर्म हे नावावरून कळत नाही, पाठच करावं लागतं.

यातून एक कामाची गोष्ट निघते. बियाणाच्या दुकानात जाऊन 'चालू वाण द्या' म्हणणं वेगळं आणि 'जेएस ३३५ द्या' म्हणणं वेगळं. सोर्सेस लिस्टमधी 'स्टेबल' लिहिलं की तुम्ही चालू वाण मागितला, आणि 'बुकवर्म' लिहिलं की नाव घेऊन मागितला. ज्यांनी 'स्टेबल' लिहून ठेवलं होतं त्यांच्या पायाखाली ९ ऑगस्टनंतर वाणच बदलला. एपीटी एकदा विचारतं, की या रेपोचं नाव बुकवर्म होतं आता ट्रिक्सी झालंय, चालेल का, पण घाईत हो म्हणून पुढं गेलात की पेरणी वेगळ्याच बियाणाची. तेव्हा वहीत ठळक लिहा: रेपोच्या ओळीत वाणाचं नाव लिहावं. आणि वाणाचा पाठिंबा संपला की त्याला 'मुदतबाह्य' म्हणा, बियाणाला आणि औषधाला आपण तो शब्द रोज लावतो, 'जीवनकाल समाप्ती' कशाला. सेंटओएस ७ हा ३० जून २०२४ ला मुदतबाह्य झाला, नेहमीच्या रेपोतून त्याची पॅकेजं निघाली आणि व्हॉल्ट नावाच्या जुन्या साठ्यात गेली, उर्दूत ज्याला मुहाफिजखाना म्हणतात तसल्या ठिकाणी. कागद मिळतो, पण त्यावर आता कुणी दुरुस्ती करत नाही. लोक मात्र 'रेपो बंद पडला, नेट गेलंय का' म्हणून वायरी हलवत बसले होते.

म्हणजे सिस्टिमला वाण आणि पॅकेजाला आवृत्ती. इथं आवृत्ती चालतं का? चालतं, पण दोन गोष्टी सांभाळा.

एक, वाचणं. १.९ आणि १.१० यात मोठं कोणतं? शाळेतल्या गणिताप्रमाणे १.९ मोठं, पॅकेजाच्या हिशोबात १.१० मोठं. तो दशांशाचा टिंब नाहीच, तो सातबाऱ्यावरच्या पोटहिश्श्यासारखा आहे, १२/९ च्या नंतर १२/१० येतो, तसं. म्हणून पोरांना 'एक दशांश दहा' म्हणू देऊ नका, 'एक टिंब दहा' म्हणायला लावा. उबंटूचं तर अजून वेगळं, २४.०४ म्हणजे २०२४ सालचा एप्रिल, तिथं टिंबाच्या अलीकडं वर्ष आणि पलीकडं महिना.

दोन, आणि हे महत्त्वाचं, आवृत्ती शब्दाचा अर्थच मुळात पुन्हा फिरणं, पुनरावृत्तीत दिसतो तो. आपले प्रकाशक काहीच न बदलता छापलेल्या पुस्तकालापण दुसरी आवृत्ती म्हणतात आणि खरंच बदल केला तर 'सुधारून वाढवलेली' असं वेगळं छापतात. पॅकेजात तिसराच प्रकार असतो: वाढवलेली नाही, फक्त सुधारलेली. जुलै २०२४ ला ओपनएसएसएचमधी (दुरून सर्व्हरवर लॉगिन करायच्या प्रोग्रॅममधी) एक मोठं भोक सापडलं. मूळ लोकांनी ते ९.८ या नव्या आवृत्तीत बुजवलं. डेबियन १२ मधी मात्र ९.२ च होतं आणि त्यांनी ९.२ च ठेवून त्यातच भोक बुजवलं, नंबर झाला ९.२पी१-२+डेब१२यू३. तपासणीवाल्यांचं पत्र आलं मला, 'आपली आवृत्ती ९.२ असून ती जुनी आहे, ९.८ टाकावी.' त्यांनी शेपूट वाचलंच नाही! त्या शेपटातच सगळी दुरुस्ती.

या शेपटासाठी आपल्या पैठणला शब्द आहे. नाथांनी शके १५०६ म्हणजे १५८४ साली ज्ञानेश्वरीच्या हाती लागलेल्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला, त्यात आपलं काही घातलं नाही, आणि त्या कामाला ते 'प्रतिशुद्ध' केली असं म्हणतात. नवा ग्रंथ नाही, आवृत्ती वाढली नाही, तीच प्रत, शुद्ध केलेली. डेबियन स्टेबलचे सांभाळणारे शब्दशः हेच करतात. मी त्या पत्राच्या उत्तरात 'सदर पॅकेज प्रतिशुद्ध आहे' लिहिलं होतं, मग साहेबानं फोन करून विचारलं हे काय असतं, मग सांगितलं, मग मिटलं. रोजच्या वापरात 'दुरुस्ती नंबर' म्हणा, तेवढं पुरे.

मिररचं तुम्ही विचारलं नाही पण वहीत येणारच, तिथं 'आरसा' नका लिहू, हात जोडतो. मिरर म्हणजे मूळ रेपोची नक्कल. आता नक्कल म्हणलं की लोकांना बनावट वाटेल, पण पूर्वी तलाठ्याकडनं हातानं लिहिलेला सातबारा आणला की खाली काय लिहिलेलं असायचं, 'अस्सल बरहुकूम खरी नक्कल' आणि त्यावर सही-शिक्का. मिररचं तेच आहे, माल कुठल्याही नकलेवरून घ्या, यादीवर मूळ डेबियनची डिजिटल सही असते आणि एपीटी ती आपल्याकडच्या किल्लीनं पडताळून बघतं. सही जुळली नाही की ते अडतं, आणि इथंच पोरं 'ट्रस्टेड बरोबर यस' (सही न बघता चालवून घे) असली ओळ टाकून मोकळी होतात, म्हणजे सही नसलेला सातबारा घेऊन बँकेत कर्ज मागायला जाणं. वहीत हे लाल पेनानं लिहा.

हां, आणि 'एपीटी-मार्क होल्ड' ला (एखादं पॅकेज अपग्रेडमधी बदलू न देणं) 'रोखून धरणे' लिहा, लातूरच्या मोंढ्यात सोयाबीन रोखून धरतात तसं, तुमच्या पोरांना समजावून सांगायची गरजच पडणार नाही.