दम त्यांना लागतो, जीव माझा वरखाली होतो

"मॅडम, तिथे त्यांना अक्षरशः पळवतात हो!" काकू अजून खुर्चीत टेकल्याही नव्हत्या.

काका ५८ वर्षांचे. सात महिन्यांपूर्वी स्ट्रोक (मेंदूचा झटका) झाला, डावी बाजू कमजोर. घरात काठी घेऊन चालतात. हृदयाची तपासणी झाली, डॉक्टरांनी परवानगी दिली आणि फिजिओथेरपिस्टनं पडू नयेत म्हणून हार्नेस बांधून ट्रेडमिलचा वेग वाढवला. तिसऱ्या दिवसानंतर काकूंनी त्यांना न्यायचंच थांबवलं. एवढी धाप लागून पुन्हा झटका आला तर? हा प्रश्न मला वरचेवर ऐकू येतो, आणि विचारतं ते बहुधा घरचं माणूस, पेशंट नाही.

मी आधी गणित मांडलं. २२० वजा वय, म्हणजे मिनिटाला हृदयाचे १६२ ठोके ही अंदाजे कमाल. बसल्या जागी काकांचे ठोके ७२. मधलं अंतर ९०. त्याचे ६० ते ८० टक्के ७२ मध्ये मिळवले की १२६ ते १४४. चालताना ठोके एवढ्यात ठेवायचे. (ठोके कमी ठेवणारी गोळी चालू असेल तर हे गणित कोलमडतं. मग कष्ट किती पडताहेत ते पेशंटलाच ६ ते २० च्या मोजपट्टीवर सांगायला लावतात. काकांना ती गोळी नव्हती.) स्ट्रोकला सहा महिने उलटलेल्या, चालू शकणाऱ्या माणसांना असंच, दम लागेल इतपत चालवावं, अशी शिफारस अमेरिकेतल्या न्यूरो-फिजिओथेरपिस्टांच्या संघटनेनं २०२० साली केली आहे. रमतगमत चालण्यानं वेग आणि अंतर तेवढं वाढत नाही.

"पण हॉस्पिटलात तर सुरुवातीला घाई नको म्हणाले होते," काकू म्हणाल्या.

बरोबरच होतं ते. पहिल्या २४ तासांतच उठवून वारंवार चालवलेल्यांचं पुढे थोडं वाईटच झालं, असं २०१५ च्या एका मोठ्या चाचणीत दिसलं होतं. पण ते पहिल्या दिवसाचं. काकांना सात महिने झाले होते.

काकू मान हलवत होत्या, पण पटलेलं नव्हतं. आकड्यांनी भीती जात नाही हे मला ठाऊक असूनही मी दर वेळी आकड्यांपासूनच सुरुवात करते, ही माझी खोड. शेवटी विचारलं, "झटका आला त्या दिवशी नेमकं काय झालं होतं?"

"जिना चढून आले, धापा टाकत. मी पाणी दिलं. पेला हातातून सुटला."

मग माझ्या लक्षात आलं. त्यांच्या लेखी धाप आणि झटका ही एकच गोष्ट होती.

पुढच्या सत्राला मी त्यांना ट्रेडमिलशेजारी बसवलं. काकांच्या उजव्या हाताच्या बोटाला ऑक्सिमीटर, त्यावरचा ठोक्यांचा आकडा वाचायचं काम काकूंचं. १४४ च्या वर गेला की सांगायचं. छातीत दुखणं, चक्कर, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, हातापायातली ताकद अचानक जाणं, यातलं काहीही दिसलं तर आकडा न बघता थांबवायचं. १३१ वर काका धापत म्हणाले, "पाणी दे." काकूंचा हात थरथरला. पट्टा थांबवून काकांनी पेला घेतला, प्यायले, परत दिला.

आता त्या नेमानं घेऊन येतात. पेला मात्र स्टीलचाच आणतात.