शब्दशंका : एका ‘चेक’चे किती अर्थ?

प्रश्न : इंग्रजीतील ‘चेक’ या शब्दाचा अर्थ शब्दकोशात पाहायला गेलो, तर तपासणे, अडवणे, बँकेचा धनादेश, कापडावरचे चौकडे, बुद्धिबळातला शह आणि अमेरिकेत तर उपाहारगृहाचे बिलसुद्धा, अशी मोठी जंत्रीच समोर आली. हे सारे एकाच शब्दाचे अर्थ आहेत, की उच्चार सारखा असलेले निरनिराळे शब्द एका जागी गोळा झाले आहेत?

उत्तर : आपल्या यादीतले सगळे अर्थ एकाच मुळाचे आहेत आणि ते मूळ आपण पाचव्या क्रमांकावर लिहिले आहे : बुद्धिबळातला शह. किंबहुना मराठीतला ‘शह’ आणि इंग्रजीतला ‘चेक’ हे मुळात एकच शब्द होत. एक फारसीतून थेट आपल्याकडे आला, तर दुसरा अरबी, लॅटिन आणि जुनी फ्रेंच अशी लांबची वाट तुडवत इंग्लंडला पोहोचला.

फारसीत ‘शाह’ म्हणजे राजा. प्राचीन फारसीतल्या ‘क्षायथिय’ या रूपापासून तो झिजत आला असून संस्कृतातला ‘क्षत्र’ हा शब्द त्याच घराण्यातला आहे. भारतातले चतुरंग इराणात ‘चतरंग’ झाले, अरबांनी त्याचे ‘शतरंज’ केले आणि स्पेन, सिसिलीमार्गे तो खेळ युरोपात गेला. प्रतिपक्षाच्या राजावर मोहरा रोखला की ‘शाह!’ असे म्हणून त्याला सावध करायचे, हा या खेळातला रिवाज. हाच पुकारा लॅटिनमध्ये ‘स्काकस’, जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’ आणि इंग्रजीत ‘चेक’ झाला. त्याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनाचा अपभ्रंश म्हणजे ‘चेस’. म्हणजे इंग्रजीत या खेळाचे नावच मुळी ‘राजे’ असे आहे. ‘चेकमेट’ हा तर आपला ‘शहमात’च. ‘राजा मेला’ हा त्याचा अरबी अंगाने लावलेला अर्थ फार लोकप्रिय आहे. परंतु बुद्धिबळात राजाला कधीच मारले जात नाही, त्याला फक्त कोंडले जाते, त्यामुळे फारसीतला ‘हतबल झालेला’ हा ‘मात’चा अर्थ मला अधिक पटतो. (मित्र या अर्थाचा इंग्रजी ‘मेट’ मात्र निराळा, एका पंक्तीला जेवणारा तो सोबती, असे त्याचे जर्मानिक मूळ आहे.)

आता पुढच्या अर्थांकडे वळू. शह बसला की हातातली चाल सोडून आधी राजाला वाचवावे लागते, म्हणजेच खेळणाऱ्याचा बेत अडतो. त्यावरून चौदाव्या शतकाच्या अखेरीस ‘अडवणे, रोखणे’ हा अर्थ रूढ झाला. अडवायचे तर लक्ष ठेवावे लागते आणि लक्ष ठेवायचे तर पडताळून पाहावे लागते, अशा पायऱ्यांनी सतराव्या शतकात ‘तपासणे’ हा अर्थ आला. आज आपण दिवसातून दहा वेळा मोबाइल ‘चेक करतो’, तो अर्थ या घराण्यात बराच धाकटा आहे. मराठीतला ‘शह’ मात्र अडवण्याच्या पायरीवरच थांबला. आपण एखाद्याच्या डावाला शह देतो, शहाला काटशह देतो, पण हिशेबाला शह देत नाही. त्याचे कारण, माझ्या मते, असे की त्या कामासाठी आपल्याकडे तपासणे, पडताळणे, ताळा करणे असे नेमके शब्द आधीपासून होते.

चौकड्यांचा अर्थ खेळातून नव्हे, तर त्याच्या पटावरून आला. पटाला जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेकिए’ म्हणत. तसे चौकोन ज्या कापडावर, तेही पुढे त्याच नावाने ओळखले जाऊ लागले. या फांदीला लागलेले सर्वांत नवलाचे फळ म्हणजे इंग्लंडचा खजिना, ‘एक्स्चेकर’. खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने ११७७ च्या सुमारास लिहायला घेतलेल्या लॅटिन ग्रंथात तिथल्या हिशेबाच्या मेजाचे वर्णन आहे. मेज सुमारे दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद. त्यावर ठेवलेले काही खाली पडू नये म्हणून कडेने चार बोटे उंचीची पट्टी. वर रेघांनी रकाने पाडलेले काळे कापड. पेनी, शिलिंग, पौंड, वीस पौंड, शंभर पौंड असे निरनिराळे रकाने असत. परगण्याच्या शेरीफकडून येणे असलेली रक्कम सोंगट्यांनी वरच्या ओळीत मांडायची, त्याने भरलेली रक्कम खालच्या ओळीत मांडायची आणि वरच्यातून खालची वजा करायची. रोमन अंकांत कागदावर वजाबाकी करून पाहिली, म्हणजे या सोंगट्यांची सोय ध्यानात येते. हा ग्रंथ आपल्या या सदरासारखाच, शिष्याने विचारावे आणि गुरूने सांगावे अशा रूपात आहे. खजिन्याला हे नाव का, असे शिष्य विचारतो, तेव्हा मेज बुद्धिबळाच्या पटासारखे दिसते आणि तिथेही खजिनदार व शेरीफ यांच्यात लढाईच चालते, असे उत्तर मिळते. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याच्या पदनामात तो पट अजून शिल्लक आहे.

धनादेशाचा अर्थ पडताळणीतून निघाला. रक्कम देण्याच्या आदेशात कोणी खाडाखोड किंवा बनावट करू नये म्हणून ताळ्यासाठी मागे ठेवायची जी स्थळप्रत, तिला अठराव्या शतकात ‘चेक’ म्हणत. पुढे हे नाव स्थळप्रतीवरून खुद्द आदेशाकडे सरकले. ब्रिटनमध्ये याच्या स्पेलिंगात ‘क्यू’ आला, तो ‘एक्स्चेकर’च्या प्रभावाने, एकोणिसाव्या शतकात; अमेरिकेने जुनेच स्पेलिंग ठेवले. सामान ठेवल्यावर हाती मिळणारा बिल्ला आणि उपाहारगृहाचे बिल हे अर्थही याच ‘ताळ्याची चिठ्ठी’ या कल्पनेचे विस्तार आहेत.

प्रश्न : मग ‘चेक प्रजासत्ताक’ यातला ‘चेक’ही याच घराण्यातला का?

उत्तर : नाही. ते त्या स्लाव्ह लोकांचे स्वतःचे नाव आहे आणि त्याचा शाहशी किंवा पटाशी काही संबंध नाही. इंग्रजीत ते पोलिश वळणाने ‘सी’ आणि ‘झेड’ जोडून लिहितात, त्यामुळे तिथे डोळ्यांना फरक कळतो. देवनागरीत दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसतात, म्हणून संदर्भ पाहूनच ओळखावे लागतात.