नव्या वसाहतीसाठी कमी तापमानाची सामायिक हीटिंग व्यवस्था (एकाच स्रोतातून पाइपांनी सगळ्या घरांना गरम पाणी) आखताना सुरुवात कुठून करावी?
आधी घरं बघा, उष्णतेचा स्रोत नंतर. इन्सुलेशन चांगलं आणि फरशीखाली हीटिंग असेल, तर ३५-४० अंशांच्या पाण्यानेही खोल्या उबदार राहतात.

खरी अडचण आंघोळीच्या पाण्याची. कोमट पाणी टाकीत साठून राहिलं की त्यात लेजिओनेला हे न्यूमोनिया करणारे जिवाणू वाढतात. डेन्मार्कमध्ये आरहूसजवळ लिस्ट्रुपला ४० घरांच्या वसाहतीत पाइपांतल्या पाण्याचा पुरवठा साधारण ५० अंशांवर ठेवला. तिथल्या बऱ्याच घरांत छोटा प्लेट हीट एक्स्चेंजर आहे, म्हणजे पाणी न मिसळता पातळ पत्र्यांतून पाइपांतली उष्णता नळाच्या पाण्याला देणारं उपकरण. नळ उघडला की पाणी तेव्हाच तापतं, साठवावं लागत नाही. फार सुंदर उपाय आहे हा!

पाइप बारीक घ्या, जाणारा-येणारा एकाच जाड आवरणात. घरं विरळ असतील तर उष्णता वाटेतच वाया जाते. तिथे घरोघरी हीट पंपच (बाहेरच्या हवेतली किंवा जमिनीतली उष्णता विजेच्या मदतीने घरात आणणारं यंत्र) बरा.