नुनावुतमधली नोकरी घ्यावी का? पगार मोठा आहे, पण महागाई फार म्हणतात. सरकार काही मदत करतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॅनडात टोरोंटोजवळच्या ब्रॅम्प्टनमध्ये वर्षाला ७० हजार डॉलरवर आहात, उत्तरेच्या टोकाला असलेल्या नुनावुत प्रदेशाच्या राजधानीतून, म्हणजे इकालुइतहून, ९५ हजारांची ऑफर आली आहे, सोबत बायको आणि दोन मुलं. तिकडे भाजी सोन्याच्या भावाने मिळते म्हणतात ते खरं का, आणि सरकार त्याची भरपाई करतं का?

मी २०१८ पासून इथे इकालुइतमध्ये आहे, मूळ गुहागरचा. पगाराचा आकडा क्षणभर बाजूला ठेवा आणि ऑफरच्या पत्रात घराचा उल्लेख कुठे आहे ते शोधा. नसेल तर आजच विचारा. इथे जमीन खालून बारा महिने गोठलेली असते. घरं खांबांवर उभी करावी लागतात, आणि लाकूड, खिळे, खिडक्या सगळं जहाजाने येतं, तेही फक्त उन्हाळ्यात. त्यामुळे घरं मुळातच कमी आहेत. एक खोली आणि हॉल असलेल्या घराचं भाडं अडीच-तीन हजार डॉलर सहज जातं, आणि पैसे देऊनही घर मिळेलच असं नाही. नोकरीसोबत सवलतीच्या भाड्याचं घर मिळत असेल तर डोळे झाकून या. मात्र नोकरी सुटली की घरही सोडावं लागतं, हे बायकोला आधीच सांगून ठेवा. माझ्या ओळखीतल्या एका कुटुंबाला ते इथे आल्यावर कळलं.

आता बाजार. नुनावुतमध्ये २५ गावं आहेत, आणि एकाही गावातून दुसऱ्या गावाला किंवा खाली दक्षिणेला जाणारा रस्ता नाही. ओटावाहून इथवर सुमारे तीन तासांचं विमान. कोथिंबिरीची जुडी त्याच विमानाने येते, आणि वादळ झालं की तीन दिवस येत नाही. दुकानात भाजीच्या कपाटासमोर उभं राहिलात तर पहिले दोन महिने तुम्ही प्रत्येक किंमत रुपयांत मोजाल. नंतर ती सवय सुटते, सोडावीच लागते.

सरकारची मदत आहे, पण ती तुमच्या हातात येत नाही. पूर्वी खाद्यपदार्थांच्या टपाल-वाहतुकीला सरकार पैसे देत असे. १ एप्रिल २०११ पासून त्याऐवजी ‘न्यूट्रिशन नॉर्थ’ ही योजना आली. यात दर किलोमागे ठरलेलं अनुदान दुकानदाराला किंवा पुरवठादाराला मिळतं, आणि त्याने तेवढी किंमत उतरवायची. गाव जितकं दूर तितका दर जास्त. दूध, गोठवलेल्या भाज्या, बाळाची दूधपावडर यांना सर्वांत जास्त. मोठ्या दुकानाचं बिल घ्या, तळाशी छापलेलं असतं की या खरेदीत तुम्हाला इतकं अनुदान मिळालं. पहिल्यांदा तो आकडा वाचून मला फार बरं वाटलं होतं. मग लक्षात आलं की मूळ किंमत काय असायला हवी होती हे बिलावर कुठेच नाही.

रेशन दुकानाच्या देशातून आलेल्या माणसाला ही शंका शिकवावी लागत नाही. कॅनडाच्या महालेखापरीक्षकांनीही २०१४ साली हेच म्हटलं: अनुदान पूर्णपणे गिऱ्हाइकापर्यंत पोचतं की नाही, हे खात्याला तपासता आलेलं नाही. पुढे टोरोंटो विद्यापीठातल्या अभ्यासकांनी हिशेब मांडला, तर अनुदानाच्या एका डॉलरमागे किंमत सुमारे ६७ सेंटने उतरते असं निघालं, आणि एकच दुकान असलेल्या गावांत त्याहूनही कमी. इकालुइतमध्ये निदान दोन-तीन दुकानं आहेत. शिवाय ऑनलाइन मागवलेलं सामान इथे येतं. लहान गावांना तेही सुख तेवढं नाही, म्हणून ‘नुनावुत महाग आहे’ हे वाक्य मला अर्धवट वाटतं. आमच्याहून अगदी उत्तरेच्या टोकाचं ग्रीस फियॉर्ड हे गाव कितीतरी महाग आहे. २०१२ मध्ये इथल्या लीसी पापात्सी यांनी किमतींचे फोटो टाकायला एक फेसबुक गट काढला, लोक फलक घेऊन दुकानांबाहेर उभे राहिले, तेव्हा २८ डॉलरच्या कोबीचा फोटो सगळ्या देशाने पाहिला.

तुमच्या थेट खिशात येणारी गोष्ट वेगळीच आहे, आणि खाली राहणाऱ्यांना तिची सहसा माहिती नसते: उत्तरेत राहणाऱ्यांसाठीची प्राप्तिकर वजावट. इथे सलग सहा महिने राहिलात की दिवसाला ११ डॉलर, आणि घरातल्या एकानेच दावा केला तर आणखी ११, म्हणजे वर्षाला ८,०३० डॉलर उत्पन्नातून वजा. ९५ हजारांवर साधारण सव्वादोन हजारांचा कर वाचेल. प्रवासाची वजावट वेगळी. विक्रीकर फक्त केंद्राचा ५ टक्के, तुमच्या ओन्टारिओ प्रांतासारखा १३ नाही. उलट पगारावर इथला २ टक्के कर कापला जातो, तो पहिल्या पगारपत्रकावर बघून दचकू नका. वीज डिझेलवरच तयार होते, प्रत्येक गावाचं आपलं जनित्र, पण घरगुती दराचा काही भार नुनावुत सरकार उचलतं. सरकारी नोकरी असेल तर उत्तरेचा भत्ता मिळतो. तो ९५ हजारांत धरलाय की वरून आहे, हेही विचारून घ्या.

एवढं ऐकून वाटेल, मग झालंच की. तुमच्यापुरतं झालंच. पण ही वजावट ज्याचं उत्पन्न करपात्र आहे त्यालाच उपयोगी, आणि जितका पगार मोठा तितका फायदा मोठा. माझ्या शेजारच्या इनुइट (इथले मूळ रहिवासी) आजींच्या घरात सात माणसं आणि एक पगार आहे. त्या घराला यातून जवळपास काहीच मिळत नाही. २०१७-१८ च्या पाहणीत नुनावुतमधल्या ५७ टक्के घरांत अन्नाची तूट होती. मधल्या काळात इनुइट मुलांसाठी केंद्राच्या पैशातून बऱ्याच गावांत मुलामागे महिना ५०० डॉलरची कुपनं मिळत होती. ती ३१ मार्च २०२५ ला बंद झाली. त्या एप्रिलमध्ये दुकानातल्या सामानाच्या ढकलगाड्या किती हलक्या झाल्या ते रांगेत उभं राहून दिसायचं. आजींचा नातू मासे आणतो, सील आणतो, आणि तेच खरं इथलं अन्न (इकालुइत या नावाचा अर्थच भरपूर माशांची जागा). पण स्नोमोबाइल (बर्फावरची मोटरगाडी), पेट्रोल आणि बंदुकीच्या गोळ्या याच दुकानातून घ्याव्या लागतात. शिकाऱ्यांसाठी २०२० पासून वेगळं अनुदान आहे, आणि माझ्या मते सगळ्या योजनांत तेच सर्वांत शहाणपणाचं. आजींनी पहिल्या हिवाळ्यात आम्हाला ‘आर्क्टिक चार’ नावाचा इथला मासा आणून दिला होता. मी त्याचं कोकम घालून तिखलं केलं. त्यांनी एक घास खाल्ला आणि हसून पाणी मागितलं.

आता कामाची गोष्ट, जी कोणत्याही सरकारी पत्रकापेक्षा तुमचे जास्त पैसे वाचवेल. जहाजं साधारण जुलै ते ऑक्टोबर येतात, मॉन्ट्रियलच्या बाजूने. वर्षभर टिकणारं सगळं त्यातून मागवायचं: तांदूळ, पीठ, डाळी, तेल, साबण, कागद. लाकडी खोक्यात भरून येतं, पहारीने उघडायचं. विमानाच्या भाड्यापुढे हा खर्च काहीच नाही. अट एवढीच की पैसे वसंतात एकदम भरावे लागतात, आणि आजींच्या घरात तेवढी रक्कम एकदम कधीच नसते. स्वस्त माल तोच घेऊ शकतो ज्याच्याकडे आधीच पैसे आहेत.

पहिल्या वर्षी मी यादी करायला बसलो आणि अडलो मिठापाशी. वर्षाला घरात मीठ किती लागतं? मला काय ठाऊक, संपलं की आणायचं. गुहागरला फोन केला. आई म्हणाली, “अरे, आगोट भरायची आहे असं समज की.” पावसाआधी आमच्याकडे चार महिन्यांची आगोट भरतात, तांदूळ, सुकी मासळी, मीठ, जळण. तिने फोनवरच पाठ म्हटल्यासारखी यादी सांगितली, फक्त सगळे आकडे तिप्पट करून. मी शहाणपणा करून आमरसाचे डबे वाढवले, ते बाहेरच्या पडवीत ठेवले, आणि नोव्हेंबरात एकेक करून फुगून फुटले. पडवी म्हणजे फ्रीजर, हे तेव्हा कळलं.

तर ऑफर एप्रिलच्या आत पक्की झाली तर त्याच उन्हाळ्याचं जहाज गाठता येईल. ऑगस्टनंतर आलात तर पहिला हिवाळा दुकानाच्या भावाने काढावा लागेल, तेवढी रक्कम हाताशी ठेवा. सामान हलवण्याचा खर्च मालक देत असेल तर त्यात जहाजाचं एक खोकं मागून घ्या, बरेच जण देतात. माझी यादी हवी असेल तर सांगा, पाठवतो. चार माणसांना मीठ बारा किलो, लोणच्याचं वेगळं.