पुरातत्त्व म्हणजे जुन्या वस्तू खोदून काढणं एवढंच का?

नाही. वस्तू कोणीही खोदून काढेल. ती कुठल्या थरात आणि कशाच्या शेजारी पडली होती, याची नोंद नसेल तर तिचा निम्मा अर्थ गेलाच समजा. म्हणून जागेचे चौकोन आखतात, माती थराथराने काढतात, चाळतात आणि प्रत्येक खापरावर चौकोन व थर लिहून ठेवतात. हे काम फार संथ चालतं. कोळसा किंवा जळके दाणे मिळाले तर कार्बन-१४ पद्धतीने, म्हणजे त्यात उरलेला किरणोत्सारी कार्बन मोजून, काळ ठरवता येतो.

पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात घोड नदीकाठचं इनामगाव बघा. डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ पासून अनेक वर्षं उत्खनन केलं. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शेतकरी वस्ती सापडली. मेलेलं तान्हं मूल दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखालीच पुरलेलं. मोठ्या माणसांचे पाय बहुधा घोट्यापासून तोडलेले. मेलेल्याने उठून जाऊ नये म्हणून असं केलं असावं, हा अभ्यासकांचा अंदाज. तोडलेले पाय हा मात्र पुरावा. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणं हाच मला या शास्त्राचा गाभा वाटतो. पुढच्या थरांत मोठ्या चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या दिसतात. पाऊसमान घटल्याने गरिबी आली, असं पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांचं मत होतं.

तुमच्या शेतात नांगरताना रंगीत खापरं, मणी वर आले तर उकरू नका. फोटो काढा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा.