जुनी मालिका ब्लू-रेवर घेण्याआधी

मित्रा, खोक्यावर ‘रिमास्टर्ड’, म्हणजे चित्र-आवाज नव्याने सुधारलेलं, असं छापलंय म्हणून लगेच खिशात हात घालू नकोस. आधी बघ, शूटिंग कशावर झालं आणि एडिटिंग कशावर. १९६६ची अमेरिकन विज्ञानकथा मालिका ‘स्टार ट्रेक’ एडिटिंगसकट शेवटपर्यंत ३५ मिमी फिल्मवरच राहिली, म्हणून ब्लू-रेवर गणवेशाच्या कापडाचा पोतसुद्धा दिसतो. तिच्या पुढच्या मालिकेचं, ‘नेक्स्ट जनरेशन’चं, शूटिंगही फिल्मवरच, पण एडिटिंग आणि इफेक्ट्स फिल्मपेक्षा कमी बारकावे टिपणाऱ्या व्हिडिओटेपवर. त्यामुळे डीव्हीडी अगदीच धूसर. २०१२पासून आलेल्या ब्लू-रेसाठी मूळ निगेटिव्ह शोधून एकेक भाग नव्याने जोडावा लागला! खर्चिक काम, म्हणून तशीच बनलेली त्यानंतरची स्टार ट्रेक मालिका ‘डीप स्पेस नाइन’ बिचारी अजून डीव्हीडीवरच.

आणि हो, रुंद टीव्हीवर जुन्या चौकोनी चित्राच्या दोन्ही बाजूंचे काळे पट्टे खटकले तरी झूम करू नकोस, पात्रांची डोकी छाटली जातात. टीव्हीतलं मोशन स्मूदिंग, म्हणजे हालचाल कृत्रिमरीत्या गुळगुळीत करणारं सेटिंग, मात्र आधी बंद कर.